आत्याची बारनिशी

काल रात्री जेवणं झाल्यावर तू लॅपटॉप मांडीवर घेतलास आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, "आत्या, बायोडाटा मेल करू, पोस्टानं पाठवू, की स्वतःच जाऊन देऊन येऊ?" तेव्हा गॅसवर दूध होतं म्हणून मी गप्प बसले. पण या प्रश्नावर बोलायला माझ्याइतकी हक्काची बाई तुला लखनौत मिळायची नाही. सदतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. लोक अर्ज पाठवायचे आणि ते पाकीट ज्या हातात सर्वांत आधी पडायचं, तो हात माझा.

आमच्या विभागाला इथे डायरी-डिस्पॅच म्हणतात. तुझे आजोबा मात्र बारनिशी म्हणायचे. खामगावच्या तहसिलीतून त्यांच्या वडिलांनी आणलेला तो शब्द. १९६९ साली आजोबा बदलून इथे मानकनगरला, रेल्वेच्या आरडीएसओत आले, तेव्हा ट्रंकांबरोबर तोही आला. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी पेढा हातात ठेवला आणि म्हणाले, "बारनिशीची कारकून म्हणजे दाराची राखण. आत काय गेलं, बाहेर काय गेलं, सगळं तुझ्या वहीत." आमच्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात आमच्या चुकाही आहेत.

अर्ज कसा पाठवायचा हे ठरवण्याआधी दोन गोष्टी शोधून काढ. तो उघडणार कोण, आणि तो पोहोचल्याचा कागद तुझ्या हाती काय उरणार? दोन्हींची उत्तरं मिळाली की मेल, पोस्ट की पायी हे आपोआप ठरतं.

दुसरी गोष्ट मी फार महागात शिकले. १९८३ साली माझा पहिला अर्ज होता, एका कार्यालयातल्या टायपिस्टच्या जागेसाठी. आजोबांनी स्वतःच्या सायकलवर डबलसीट नेऊन फाटकाशी सोडलं. फाटकावरचा चौकीदार इतका गोड बोलला की मी पाकीट त्याच्याच हाती दिलं. "हम पहुँचा देंगे बिटिया." आम्ही दोघं आनंदानं परत आलो, वाटेत अमीनाबादला कुल्फीसुद्धा खाल्ली. महिन्यानं चौकशी केली तेव्हा कळलं की असा अर्ज आलेलाच नाही. चौकीदार बदलून गेला होता. आमच्याकडे ना शिक्का, ना सही, ना क्रमांक. कुल्फी तेवढी खरी.

तेव्हा हातानं अर्ज द्यायची वेळ आली तर दोन प्रती ने. एक त्यांना, दुसरीवर पोच. इथे तिला 'रिसीविंग' म्हणतात. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि शक्य असेल तर डायरी क्रमांक, या चार गोष्टी पाहून घे. नुसता शिक्का असेल आणि तारीख नसेल तर तो शिक्का कोणत्याही दिवसाचा ठरतो. आणि मागायचं कसं तेही ऐक. आपलं वऱ्हाडी हिंदी इथे कानाला बोचतं. "मेरे को रिसीविंग होना" म्हणालीस तर समोरचा बाबू चष्म्यावरून बघेल आणि "लंच के बाद" म्हणेल. "ज़रा रिसीविंग दे दीजिएगा" असं म्हण. त्या 'गा'मध्ये या शहरातली निम्मी कामं होतात. मी हे गमतीनं म्हणत नाही. लखनौचे लोक 'पहले आप'च्या विनोदांना कंटाळलेत, पण बोलण्यातला रुक्षपणा मात्र त्यांना अजून खरोखर टोचतो. सकाळी अकरा ते साडेबारा ही वेळ बरी. त्याआधी टपाल फोडण्याची गडबड असते आणि नंतर सगळ्यांचं लक्ष डब्याकडे.

आता जाहिरात. तुम्ही मुलं जाहिरातीतलं वेतन वाचता, पात्रता वाचता आणि थेट अर्जाकडे वळता. पण अर्ज कसा पाठवायचा हे बहुतेक वेळा जाहिरातीतच लिहिलेलं असतं, शेवटच्या अर्ध्या पानात, बारीक टाइपात. तिथे 'फक्त ऑनलाइन' असेल तर छापील अर्ज कितीही सुबक असो, तो माझ्यासारखीच्या टेबलावर येतो आणि तिथून पुढे जात नाही. 'फक्त स्पीड पोस्टानं' असेल तर हातानं नेऊ नकोस. आणि तारीख वाचताना 'पाठवण्याची शेवटची तारीख' आहे की 'पोहोचण्याची', ते बोट ठेवून वाच. सरकारी जाहिरातीत बहुधा पोहोचण्याची असते आणि खाली टपालाच्या उशिराला आम्ही जबाबदार नाही असंही लिहिलेलं असतं.

ते वाक्य किती कडू असतं ते मला विचार. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आम्ही रजिस्टरमध्ये शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ ओढायचो आणि साहेब त्यावर सही करायचे. एकदा दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात गोरखपूरहून एका मुलीचं पाकीट आलं. चार दिवस आधी पोस्टात टाकलेलं, पोस्टाचा शिक्का स्वच्छ दिसत होता. मी साहेबांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "रेघेच्या वर जागा आहे का?" नव्हती. रेघेखाली नोंद केली. त्या मुलीचं अक्षर मला अजून आठवतं.

म्हणून पोस्टानं पाठवायचं असेल तर शेवटच्या तारखेआधी दहा दिवस हाताशी ठेव. आणि पाकिटावर, पत्त्याच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक लिही. जाहिरातीत तसं लिहायला सांगितलेलं असो वा नसो. आमच्याकडे दिवसाला शे-दीडशे पाकिटं यायची: बिलं, निविदा, परिपत्रकं, कुणाची पेन्शनची तक्रार. कपाळावर काही लिहिलेलं नसलेल्या जाड पाकिटाला माझ्या शेजारचा बाबू निविदा समजून भांडार विभागात पाठवायचा. एक अर्ज असाच बारा दिवस स्टेशनरीच्या कोटेशनांत झोपलेला सापडला. त्या उमेदवाराला याचा पत्ताही लागला नसेल. त्यानं आपल्या नशिबाला दोष दिला असेल.

कुरिअरचं एक सांगते, कारण तुझ्या बाबांचा कुरिअरवर फार विश्वास. पत्त्यात 'पोस्ट बॉक्स क्रमांक' असेल तर कुरिअर तिथे पोहोचवूच शकत नाही. ती पेटी डाकघराची, तिच्यात डाकघरच टाकतं. रजिस्टर एडी हे नाव तू आजोबांच्या तोंडून ऐकलं असशील, पण २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आता खिडकीवर स्पीड पोस्टच माग. पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन असा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून पाकीट कुठे पोहोचलं ते घरबसल्या दिसतं. दिसतं ते त्याच दिवशी छापून ठेव, महिन्यांनी शोधायला गेलीस तर सापडेलच असं नाही. तुझ्या आजोबांच्या काळी यूपीसी असायची, टपाल टाकल्याचा स्वस्त दाखला. पोस्टमास्तर कागदावर शिक्का मारून द्यायचा, पण पाकिटाची नोंद कुठेच नसायची. २०११ मध्ये तो प्रकारच बंद झाला. बरं झालं. तो दाखला म्हणजे देवळात नवस बोलल्याचा पुरावा, देवानं ऐकल्याचा नव्हे.

हजरतगंजच्या जीपीओत जाशील तेव्हा स्पीड पोस्टच्या रांगेत उभी असताना वर बघ. याच जागी एके काळी रिंग थिएटर होतं आणि काकोरी खटला तिथे चालला. त्यात दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री आपल्या बुलढाण्याचे, चिखलीचे. सुटल्यानंतर ते इथेच राहिले आणि १९९६ साली इथेच गेले. आजोबा मला तिथे न्यायचे आणि प्रत्येक वेळी हे सांगायचे. आता मी तुला सांगितलं. अर्जाशी याचा काही संबंध नाही.

पत्ता मात्र ताजा घे. लखनौत हे फार महत्त्वाचं आहे. सीएसआयआरच्या चार प्रयोगशाळा या एका शहरात आहेत आणि तुझं एमएस्सी बायोटेक म्हटल्यावर चारही तुझ्या कामाच्या. सीडीआरआय, म्हणजे औषध संशोधनाची संस्था, १९५१ मध्ये गोमतीकाठच्या छत्तर मंझिलीत सुरू झाली. नवाबांच्या राजवाड्यात औषधांचं संशोधन, हे लखनौतच होऊ शकतं. पण आता ती सीतापूर रोडच्या बाजूला, जानकीपुरम विस्तारात आहे. कुठल्या तरी जुन्या यादीतून पत्ता उचललास तर तुझा अर्ज राजवाडा बघायला जाईल. एनबीआरआय राणा प्रताप मार्गावर, सिकंदरबागेला लागून. आयआयटीआर महात्मा गांधी मार्गावर आणि सीमॅप कुकरैलच्या बाजूला. नावं सारखीच वाटतात म्हणून एकाचा अर्ज दुसऱ्याकडे गेलेला मी पाहिला आहे. विद्यापीठाच्या रस्त्यावर बीरबल साहनी संस्था आहे, ती यांच्यातली नव्हे. जीवाश्मांत रस असेल तर तिकडेही बघ.

या प्रयोगशाळांत प्रकल्पांच्या जागा निघतात, प्रोजेक्ट असोसिएट वगैरे. त्या पुष्कळदा 'वॉक-इन' असतात. वॉक-इनला आधी बायोडाटा मेल करून काही साधत नाही. तो मेल कोणी वाचला तरी त्या दिवशी तू रांगेत नसशील तर तू नाहीसच. जाहिरातीसोबत त्यांचा अर्जाचा नमुना असतो, तोच भरून ने. तुझा सुंदर रंगीत बायोडाटा त्याच्या मागे लाव. सगळी मूळ प्रमाणपत्रं आणि स्वसाक्षांकित प्रतींचा एक संच घे. प्रत्येक प्रतीवर सही घरूनच करून जा, तिथे मांडीवर ठेवून करायला लागलीस की शेवटच्या सह्या पहिल्या सह्यांसारख्या येत नाहीत. नोंदणीची वेळ नऊ ते दहा असेल तर ती दहाला संपतेच. मेट्रो जानकीपुरमला जात नाही. विश्वविद्यालय स्टेशनला उतरून पुढे ऑटो करावी लागेल, त्याचा वेळ हिशोबात धर. आदल्या दिवशी एकदा जाऊन ये. मी सोबत येईन. मला तो रस्ता आवडतो असं काही नाही, पण येईन.

आता मेल. तुला वाटतं मी म्हातारी, मला मेलमधलं काय कळणार. शेवटची बारा वर्षं मी कागदी टपालाबरोबर कार्यालयाची मेलपेटीसुद्धा उघडत होते. तिथे बसून माणसाचा स्वभाव कागदापेक्षा जास्त कळतो. एका मुलानं एकच मेल चाळीस कार्यालयांना पाठवला होता आणि चाळीसही पत्ते वर दिसत होते. आमच्या साहेबांनी ती यादी मोजली. अर्ज कोणी वाचला नाही. एकीनं जोडणी म्हणून गूगल ड्राइव्हचा दुवा दिला होता. उघडायला गेलं तर परवानगी मागतो. सरकारी कार्यालयातला बाबू तुझ्याकडे परवानगी मागत बसेल असं तुला वाटतं का? आणखी एकीनं गुणपत्रिकांचे फोटो पाठवले, पलंगावरच्या चादरीवर ठेवून काढलेले, कडेला मांजराची शेपटी.

आणि एक तर मी जन्मात विसरणार नाही. आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की निम्म्या घरांत लग्नाचाच असतो ना. एका उमेदवारानं प्रयोगशाळा साहाय्यकाच्या जागेसाठी मेल केला, जोडलेली फाइल उघडली तर त्यात रास, गण, नाडी, मामाचं कूळ आणि शेवटी 'अपेक्षा: सुशील, गृहकृत्यदक्ष'. आमच्या विभागातल्या बायकांनी ती फाइल दिवसभर पुरवून पुरवून वाचली. मुलगा बरा होता. मी त्याला दोन ओळींचं उत्तर पाठवलं की जोडणी तपासा. नियमात बसत नव्हतं, पण पाठवलं. त्यानं दहा मिनिटांत योग्य फाइल पाठवली आणि खाली तीनदा क्षमा मागितली.

तेव्हा फाइलला नाव दे. 'बायोडाटा फायनल नवा दोन' हे नाव तुझ्यासाठी ठीक आहे, पण माझ्या संगणकावर त्याच नावाच्या तीस फायली येऊन पडायच्या. तुझं नाव आणि जाहिरात क्रमांक, एवढं पुरे. पीडीएफच पाठव. हिंदी अर्ज टाइप करायला बाहेर गेलीस तर विशेष लक्ष दे. इथल्या टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव फॉन्ट चालतो. ती वर्डची फाइल ज्या संगणकात कृतिदेव नाही तिथे उघडली की तुझा सविनय अर्ज इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होतो. विषयाच्या ओळीत जाहिरातीत जे शब्द दिले आहेत तेच लिही, प्रकल्पाचा क्रमांक दिला असेल तर तोही. काही शास्त्रज्ञ एकाच वेळी तीन प्रकल्पांसाठी माणसं घेत असतात, त्यांच्या मेलपेटीत त्या क्रमांकावरूनच वर्गवारी होते. मजकुरात चार-पाच ओळी असू देत: कोणत्या जागेसाठी, शिक्षण काय, त्या कामातलं काय येतं, काय काय जोडलं आहे. कोरा मेल आणि नुसती जोडणी म्हणजे कोणाच्या घरी जाऊन न बोलता पिशवी ठेवून निघून येण्यासारखं आहे. आणि पाठवण्याआधी तोच मेल स्वतःला पाठवून फोनवर उघडून बघ. जोडणी राहिलेली असते, खरंच असते. मी मोजले नाहीत, पण आठवड्याला एक तरी तसा मेल यायचा.

नावाचं सांगायचं राहिलंच. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. इथे शेवटचा शब्द तेच आडनाव समजतात. माझ्या पहिल्या पगाराच्या यादीत मी माझ्या वडिलांच्याच नावानं 'मिस' होऊन बसले होते, ते निस्तरायला दोन वर्षं गेली. या शहराला एकच मराठी आडनाव नीट उच्चारता येतं, भातखंडे. १९२६ मध्ये पंडितजींनी कैसरबागेत मॅरिस कॉलेज सुरू केलं, त्याचं आता त्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं आहे, म्हणून. आपलं आडनाव भातखंडे नाही. तेव्हा अर्जात, मेलच्या पत्त्यात, आधारवर आणि गुणपत्रिकेत नावाचा क्रम आणि स्पेलिंग एकच आहे का ते आधी बघ. वेगळं असेल तर गुणपत्रिकेप्रमाणे लिही. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

पोर्टलचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन अनुभव ऐक. समोरच्या घरातला मुलगा राज्याच्या अधीनस्थ सेवा निवड आयोगाचा अर्ज भरत होता. तिथली सगळी भरती ऑनलाइन, २०२१ पासून तर गट क च्या जागांसाठी आधी पीईटी ही पात्रता परीक्षा द्यावी लागते. गोमतीनगरला पिकप भवनातल्या त्यांच्या कार्यालयात कागद घेऊन गेलीस तर कोणी हातात घेणार नाही. या पोरानं शेवटच्या रात्री साडेअकराला पैसे भरले. खात्यातून गेले, अर्जावर मात्र 'शुल्क प्रलंबित'. रात्रभर घरात दिवे सुरू होते. पैसे पुढे परत आले, तारीख परत आली नाही. आणि त्याच्या बहिणीनं सगळं भरलं, फोटो चढवला, सही चढवली, पण शेवटचं 'अंतिम सबमिट' दाबलंच नाही. तिला वाटलं जतन झालं म्हणजे गेलं. अर्ज गेल्यावर क्रमांक येतो. क्रमांक आला नाही म्हणजे अर्ज गेला नाही. छापील प्रत काढ आणि शुल्काची पावती तिला टाचून ठेव.

खासगी मोठ्या कंपन्यांचं थोडं वेगळं. सुलतानपूर रोडच्या आयटी सिटीत किंवा विभूतिखंडातल्या काचेच्या इमारतींत फाटकावरचा गार्ड कागद घेत नाही, घेऊ नये अशीच त्याला ताकीद असते. तुझ्या भावाला टीसीएसचं बघायचं आहे ना, त्यानं त्यांच्या नेक्स्टस्टेप पोर्टलवर नोंदणी करावी, मग पुढचं. अशा ठिकाणी पुष्कळदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि मग माणूस. दोन रकान्यांचा, चौकटी-चित्रांचा, कौशल्यापुढे पाच तारे रंगवलेला बायोडाटा त्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. साधा एका रकान्याचा ठेव. जाहिरातीत 'पीसीआर' लिहिलं असेल आणि तुला ते येत असेल तर तोच शब्द लिही, 'आधुनिक रेणवीय तंत्रं' असं काही नको.

आणि 'सोर्स'. लखनौत आल्यापासून हा शब्द तू दहादा ऐकला असशील: "कोई सोर्स है?" इथे फरक ओळख. खासगी कंपनीत ओळखीच्या माणसानं तुझं नाव सुचवणं ही त्यांचीच रीत आहे, त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा फॉर्म असतो. सुचवणाऱ्याला कधी कधी बक्षीसही मिळतं. तिथे ओळख असेल तर आधी त्या माणसाला विचार आणि मग अर्ज कर. आधीच स्वतः अर्ज केलेला असेल तर पुष्कळदा त्याला तुझं नाव देता येत नाही. सरकारी भरतीत मात्र जाहिरातीच्या खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणत्याही प्रकारे कॅनव्हासिंग केल्यास उमेदवारी रद्द. तिथे "मेरे फूफाजी सचिवालय में हैं" असं सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा. तुझे फुवा सचिवालयात होते हे मला माहीत आहे. त्यांनाही सांगू नकोस, ते लगेच फोन उचलतील.

आणि कोणी अर्जासोबत 'फाइल चार्ज' मागितला, किंवा निवड झाली आहे, सुरक्षा ठेव भरा असा मेल आला, तर आधी मला दाखव. सीएसआयआरच्या या प्रयोगशाळांच्या मेलच्या पत्त्याच्या शेवटी रेस डॉट इन असतं, सरकारी खात्यांच्या शेवटी गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन. जीमेलवरून येणारं नेमणूकपत्र हे नेमणूकपत्र नसतं. बायोडाट्यावर आधार क्रमांक लिहिण्याचीही गरज नाही. मागतील तेव्हा देऊ.

छोट्या ठिकाणांची गोष्ट आणखी निराळी, आणि खरं तर तुझी पहिली नोकरी तिथेच लागेल असं मला वाटतं. चौकात मेडिकल कॉलेजच्या आसपास पॅथॉलॉजीची दुकानं लागून लागून आहेत. त्यांना ना पोर्टल, ना मेल बघायला वेळ. मालक डॉक्टर स्वतः काउंटरच्या मागे बसतो. तिथे दुपारी तीनच्या सुमाराला जा, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी असते. इस्त्री केलेला कुर्ता, फाइल एक, बायोडाटा एकाच पानाचा. तो फोनवर बोलत असेल तर कागद पुढे सरकवू नकोस, बोलणं संपू दे. 'व्हॉट्सॲप कर दीजिए' म्हणाला तर तिथेच, त्याच्यासमोर पीडीएफ पाठव आणि सोबत 'नमस्ते, मी आत्ता भेटले ती' अशी एक ओळ. फोटो काढून पाठवू नकोस. आणि रात्री दहानंतर कधीच नाही. चार दिवसांनी एकदा विचार. त्यानंतर आठ दिवसांनी. तिसऱ्यांदा विचारायचं असेल तर स्वतः जा.

तुझा नवरा बँकेत आहे म्हणून हेही सांगून ठेवते, पुढे त्याला लागेल. नोकरीत असताना दुसऱ्या सरकारी जागेसाठी अर्ज करायचा तर तो 'थ्रू प्रॉपर चॅनल', म्हणजे आपल्या वरिष्ठांमार्फत पाठवायचा असतो किंवा ना हरकत दाखला जोडायचा असतो. वरिष्ठांकडे गेलेला अर्ज कधी कधी तिथेच वाळत पडतो. म्हणून 'आगाऊ प्रत' असं वर लिहून एक प्रत थेट पाठवायची. अट अशी असते की चॅनलमधून येणारी प्रतही नंतर पोहोचली पाहिजे. आमच्याकडे आगाऊ प्रतींचं वेगळं रजिस्टर होतं, त्यातल्या कितीतरी नोंदींपुढचा रकाना कायमचा कोरा राहिला.

कपाटाच्या वरच्या खणात लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर आहे, ते काढून घे. मी निवृत्त झाले तेव्हा नवं कोरं विकत आणलं होतं, उगाच, सवयीनं. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत: तारीख, कुठे, कोणत्या पदासाठी, कसं पाठवलं, पोच किंवा क्रमांक, बायोडाट्याची कोणती प्रत, काय उत्तर आलं. शेवटचा रकाना मी जरा रुंद ठेवला आहे. तू म्हणशील हे सगळं एक्सेलमध्ये करता येतं. कर. पण पावत्या एक्सेलला चिकटत नाहीत. गुरुवारी सीमॅपमधून फोन आला आणि त्यांनी विचारलं की तुम्ही तेवीस तारखेला पाठवलेल्या अर्जात अनुभव किती लिहिला आहे, तर तू मेल शोधत बसशील. मी तोवर पान उघडलेलं असेल.

सकाळी तुझ्या टेबलावर दोन पाकिटं पाहिली. एकावर पिन कोड नाही. दुसऱ्याला तू स्टेपल मारली आहेस, ती काढ आणि डिंकानं चिकटव. उघडणाऱ्या बाईच्या बोटाला ती पिन लागते. माझ्या उजव्या अंगठ्यावरची खूण तू लहानपणी विचारायचीस ना, ती तिचीच.